एपीचं क्रेडिट घ्यावं की सोडावं? प्रीमेडच्या मुलांच्या आईबाबांसाठी

जुलै लागला की गुहागरात दोन गोष्टी ठरलेल्या. वीज जाते, आणि अमेरिकेतून माझा फोन वाजायला लागतो. मे महिन्यात मुलांनी शाळेत असतानाच दिलेल्या कॉलेजच्या पातळीच्या, एपी नावाच्या परीक्षांचे निकाल तिकडे तेव्हाच लागतात. पुतण्याची मुलगी, मावसबहिणीचा नातू, कोणाच्या तरी शेजारची जुळी. सगळ्यांना डॉक्टर व्हायचंय आणि सगळ्यांच्या आईबाबांचा प्रश्न एकच. "आत्या, पाचपैकी पाच पडलेत. मग कॉलेजात तोच विषय परत कशाला? फी वाचेल ना?"

तिकडच्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत प्रीमेडच्या, म्हणजे पुढे मेडिकलला जायची तयारी करणाऱ्या मुलांना विषय निवडायला मदत करायची, हीच माझी नोकरी होती. आता सासरच्या घरी, आगरात राहते. पडवीच्या एकाच कोपऱ्यात रेंज येते आणि पावसाने धरलं की तीही जाते. तेव्हा एकदाच सगळं लिहून टाकते. मुलं मराठी वाचणार नाहीत. आईबाबांनी वाचावं आणि जेवताना त्यांच्या कानावर घालावं.

आधी इथल्या मंडळींसाठी थोडक्यात, कारण दरवेळी शेजारच्या काकू विचारतातच. इथे बारावी झाली आणि नीटमध्ये ७२० पैकी बरे मार्क पडले की पोर थेट एमबीबीएसला. आता आपल्या डेरवणलासुद्धा मेडिकल कॉलेज आहे. तिकडे बारावीनंतर आधी चार वर्षांची पदवी, मग मेडिकल प्रवेशाची एमकॅट परीक्षा, मग चार वर्षांचं मेडिकल. प्रीमेड नावाची पदवी नसते. पदवी इतिहासात घ्या नाहीतर बायोलॉजीत, पण मेडिकलवाल्यांनी सांगितलेले ठरावीक विषय झालेले हवेत. साधारणपणे लॅबसकट एक वर्ष बायोलॉजी, एक वर्ष जनरल केमिस्ट्री, एक वर्ष ऑरगॅनिक केमिस्ट्री, एक वर्ष फिजिक्स, वर बायोकेमिस्ट्रीचं एक सत्र, थोडं गणित किंवा स्टॅटिस्टिक्स आणि थोडं इंग्रजी. एपी म्हणजे शाळेत असतानाच कॉलेजच्या तोडीचा अभ्यास करून दिलेली परीक्षा. ती कॉलेज बोर्ड नावाची संस्था घेते आणि १ ते ५ मध्ये गुण देते. क्रेडिट म्हणजे पदवीसाठी कोर्स मोजण्याचं माप. तीनला क्रेडिट देणारी कॉलेजं आहेत, चार किंवा पाचच मागणारीही पुष्कळ आहेत.

आता मुद्दा. इथे दोन वेगवेगळी दारं आहेत आणि पालक पहिलंच दार बघून परततात. पहिलं दार मुलीच्या कॉलेजचं. केमिस्ट्रीत पाच म्हणजे जनरल केमिस्ट्रीची दोन्ही सत्रं माफ, असं ते म्हणतं आणि आठ क्रेडिटं ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे कॉलेजच्या गुणपत्रकावर, चढवतं. दुसरं दार तीन वर्षांनी येतं, मेडिकल कॉलेजचं. कॉलेजने माफ केलेला विषय मेडिकलने मान्य करावाच असा कुठेही नियम नाही. काही मेडिकल कॉलेजं एपी जसंच्या तसं धरतात. काही म्हणतात, एपी चालेल पण त्याच विषयात वरच्या पातळीचा कोर्स केलेला दाखवा. काही सरळ नाही म्हणतात, किंवा गणिताला हो आणि सायन्सला नाही असं करतात. हे धोरण एकाच शहरातल्या दोन कॉलेजांत वेगळं असतं आणि बदलतही राहतं. म्हणून "आमच्या ओळखीच्यांच्या मुलाचं चाललं होतं" या वाक्याला माझ्या लेखी काडीची किंमत नाही.

तेव्हा पहिलं काम कागदावरचं. मागे पुतण्याची मुलगी पावसात इथे आली होती, तेव्हा आम्ही संपलेल्या महिन्याचं कालनिर्णयचं पान उलटं करून त्यावर रकाने आखले. विषय, गुण, परीक्षा कोणत्या इयत्तेत दिली, तिचं कॉलेज त्याबदल्यात नेमका कोणता कोर्स माफ करतं, आणि तो कोर्स माफ झाला तर पुढच्या सत्रात ती कोणत्या वर्गात जाऊन बसणार. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच कोणी भरत नाही. "क्रेडिट मिळतंय" हे उत्तर नव्हे. "क्रेडिट मिळालं की सप्टेंबरात ती ऑरगॅनिकच्या वर्गात, तिच्याहून एक-दोन वर्षांनी मोठ्या मुलांत बसेल" हे उत्तर. तेवढं लिहिलं की निम्मी चर्चा आपोआप मिटते.

मग मेडिकलची बाजू. अमेरिकन मेडिकल कॉलेजांची संघटना आहे, एएएमसी. तिचा एमएसएआर नावाचा ऑनलाइन कोश आहे. त्यातली काही माहिती फुकट आणि बाकीची वर्षाची वर्गणी भरून मिळते. प्रत्येक मेडिकल कॉलेजला कोणते विषय लागतात, लॅब लागते का, एपी चालतं का, हे त्यात कॉलेजवार दिलेलं असतं. सगळी कॉलेजं बघत बसू नका, डोळे जातील. आधी आपण राहतो त्या राज्यातली सरकारी मेडिकल कॉलेजं बघा, कारण ती सहसा आपल्या राज्यातल्या मुलांना झुकतं माप देतात आणि फीही तिथे कमी असते. टेक्सासमध्ये राहत असाल तर तिथल्या सरकारी कॉलेजांचं अर्जाचं पोर्टलच वेगळं आहे, टीएमडीएसएएस. त्याचे नियम वेगळे वाचायचे. मग मुलीच्या मनातली चार-पाच खासगी कॉलेजं घ्या. या दहा-बारांपैकी जे सगळ्यात कडक असेल त्याला धरून योजना आखा. कडकाला चाललं की सैलाला चालतंच.

विषयवार माझं मत सांगते. सगळ्यात आधी केमिस्ट्री, कारण घोळ तिथेच होतो.

जनरल केमिस्ट्री माफ करून घेतली की पुढे ऑरगॅनिक. आणि ऑरगॅनिक हा प्रीमेडवाल्यांच्या गळतीचा विषय, हे तिकडच्या कोणत्याही अ‍ॅडव्हायजरला विचारा. तिथे आम्ल-आम्लारी, समतोल, बंधांचे प्रकार, इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात, हे कोणी परत शिकवत नाही. ते येतंय असं धरून प्राध्यापक पहिल्याच आठवड्यात पुढे निघतात. मुलीला एपीत पाच पडले असतीलही, पण कधी? पुष्कळ मुलं केमिस्ट्रीची एपी दहावी-अकरावीत उरकतात. कॉलेजात पाय ठेवेपर्यंत त्याला दीड-दोन वर्षं होऊन जातात आणि मधे कोणी मोलची गणितं सोडवत नाही. आमच्या विहिरीला पाणी किती ते जुलैत डोकावून कळत नाही, तेव्हा सगळ्यांच्याच भरलेल्या असतात. ते मे महिन्यात बघायचं. तसं एपीचा गुण हा भर पावसातला आहे. तुम्हाला मेमधलं पाणी बघायचंय.

ते बघायची रीत सोपी आहे. कॉलेज बोर्ड जुन्या वर्षांचे सविस्तर उत्तरांचे प्रश्न आपल्या संकेतस्थळावर फुकट ठेवतं, गुण कसे द्यायचे त्याच्या तक्त्यासकट. केमिस्ट्रीच्या परीक्षेत असे सात प्रश्न असतात, तीन मोठे आणि चार छोटे. ऑगस्टमध्ये एका सकाळी मुलीला वही, कॅल्क्युलेटर आणि परीक्षेत मिळतो तेवढा सूत्रांचा कागद द्या, घड्याळ लावा, आणि उजळणी न करता एक जुनी प्रश्नपत्रिका सोडवायला बसवा. उजळणी न करता, हे महत्त्वाचं. मग तिनेच तक्ता घेऊन तपासायचं. सहज पाऊणपट, म्हणजे पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास मार्क मिळाले तर ऑरगॅनिकला जायला हरकत नाही. बफर म्हणजे काय हेच आठवेना झालं, तर गुण पाच असोत नाहीतर पंधरा, जनरल केमिस्ट्रीच्या वर्गात बसायचं. याहून चांगला मार्ग म्हणजे तिच्याच कॉलेजच्या केमिस्ट्री विभागाकडून पहिल्या वर्षाच्या शेवटच्या परीक्षेची जुनी प्रश्नपत्रिका मिळवणं. काही विभाग मूल कोणत्या वर्गात बसवायचं ते ठरवायला स्वतःची प्लेसमेंट टेस्ट घेतात. असेल तर ती द्यायचीच, आणि तिचा निकाल आईबाबांच्या मतापेक्षा वरचा मानायचा.

इथे एक हिशेब करून दाखवते. "परत केलं की सहज ए मिळेल, जीपीए (४.० पैकी ग्रेडची सरासरी) चढेल" असं एक बाजू म्हणते आणि "परत करणं म्हणजे वर्ष फुकट" असं दुसरी. दोघांनीही आकडे मांडलेले नसतात. मेडिकलच्या अर्जात सायन्सचा जीपीए वेगळा काढतात: बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित, म्हणून त्याला बीसीपीएम म्हणतात. समजा अर्ज करेपर्यंत मुलीचे या चार विषयांतले बाकीचे ६० क्रेडिट झालेत आणि सरासरी ३.५ आहे. तिने जनरल केमिस्ट्रीची आठ क्रेडिटं कॉलेजात केली आणि पूर्ण ४.० मिळवले, तर सरासरी होते साधारण ३.५६. म्हणजे फायदा ०.०६. आता उलट बाजू. तिने तीच आठ क्रेडिटं माफ करून घेतली, तयारी नसताना ऑरगॅनिकला गेली आणि तिथल्या आठ क्रेडिटांना सी प्लस, म्हणजे २.३ पडले. बाकीचे ६० तसेच ३.५ चे धरा. सरासरी येते ३.३६. तोटा ०.१४, फायद्याच्या दुपटीहून जास्त. शिवाय एमकॅस, म्हणजे ज्या पोर्टलवरून बहुतेक एमडी कॉलेजांचे (तिकडची एमडी ही आपल्या एमबीबीएससारखी पहिली मेडिकल पदवी) अर्ज जातात ते, विषय परत केला तरी आधीची ग्रेड पुसत नाही. दोन्ही धरतं. कॉलेजचं स्वतःचं धोरण जुनी ग्रेड बदलून देण्याचं असलं, तरी तिथे नाही.

या आकड्यांतून मी दोन गोष्टी घेते. केवळ जीपीए फुगवायला येत असलेला विषय परत करणं यात फारसं काही मिळत नाही, आणि त्या वर्गातली कितीतरी मुलं शाळेत एपी करूनच आलेली असतात, त्यामुळे "सहज ए" हाही भ्रमच. अशा वर्गात आपल्याला येतंय म्हणून पहिला महिना न वाचणारी हुशार मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. दुसरी गोष्ट, कच्च्या पायावर वर चढण्याचा दंड मोठा आहे. म्हणून केमिस्ट्रीत शंका असली की मी नेहमी परत करा म्हणते. खात्री असली तर पुढे जा, पण मग वरचं काहीतरी करा. जनरल केमिस्ट्री माफ असलेल्या मुलीने ऑरगॅनिक आणि बायोकेमिस्ट्री तर करायचीच, वर जमलं तर अ‍ॅनालिटिकल किंवा फिजिकल केमिस्ट्रीचा एखादा लॅबवाला कोर्स घ्यायचा. "त्याच विषयात वरचं दाखवा" म्हणणाऱ्या कॉलेजांचं समाधान त्याने होतं. नेमका कोणता कोर्स चालेल ते त्या कॉलेजला विचारूनच.

मधला एक मार्ग पण आहे आणि तो पालकांना ठाऊक नसतो. बहुतेक कॉलेजांत सत्राच्या सुरुवातीला एखादा आठवडा विषय बदलायला मुभा असते, अ‍ॅड-ड्रॉप म्हणतात. ऑरगॅनिकला नाव घालून पहिल्या काही तासांना बसायचं, घरचा पहिला अभ्यास करून बघायचा, आणि डोक्यावरून जातंय असं वाटलं तर मुदतीच्या आत जनरल केमिस्ट्रीत यायचं. मात्र तिथे जागा शिल्लक आहे का ते आधी बघून ठेवा.

बायोलॉजीत मी एवढी भित्री नाही. तिथे क्रेडिट घ्या, फक्त लॅबचं बघा. शाळेतली लॅब ही कॉलेजची लॅब नव्हे असं बरीच मेडिकल कॉलेजं मानतात. म्हणून माफ झालेल्या वर्षाच्या जागी जेनेटिक्स, सेल बायोलॉजी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी असे वरचे कोर्स, शक्य तिथे लॅबसकट घ्यायचे. बायोलॉजीतच पदवी घेणाऱ्यांना ते करावे लागतातच, त्यामुळे त्यांचं काही बिघडत नाही. इंजिनिअरिंग किंवा इकॉनॉमिक्समध्ये पदवी घेणाऱ्या प्रीमेडचं बिघडतं. त्याने बायोलॉजी माफ करून घेतली आणि पुढे एकही बायोलॉजी केली नाही, तर अर्जात बायोलॉजीचा रकाना जवळपास रिकामा. मावसबहिणीच्या नातवाचं असंच चाललं होतं. "आजी, क्रेडिट तर आहे ना!" क्रेडिट आहे रे बाबा, पण ग्रेड कुठाय? एपीच्या क्रेडिटाला ग्रेड नसते. एमकॅसमध्ये ते एपी म्हणून दाखवतात आणि जीपीएत धरत नाहीत. तुला बायोलॉजी झेपते याचा कॉलेजातला एक तरी पुरावा त्यांच्या हातात द्यायला नको का?

फिजिक्समध्ये आधी कोणती एपी ते बघा. फिजिक्स १ आणि २ बीजगणितावर चालतात, फिजिक्स सी कॅल्क्युलसवर. पुष्कळ मुलांनी फक्त फिजिक्स १ दिलेली असते, म्हणजे अर्धाच विषय. उरलेलं अर्धं कॉलेजात करायचंच असतं. मग मी म्हणते पूर्ण वर्षच करा, तेही एमकॅटच्या जवळ. एमकॅटमध्ये फिजिक्स आहे आणि तिथे कॅल्क्युलेटर नेऊ देत नाहीत. दहावीत शिकलेलं भिंगाचं सूत्र तोवर विसरलेलं असतं. फिजिक्स सीचे दोन्ही भाग पाच गुणांनी झालेत आणि कडक कॉलेजही मान्य करतंय, असा दुर्मीळ योग असेल तर खुशाल क्रेडिट घ्या.

गणिताचं क्रेडिट डोळे मिटून घ्या. कॅल्क्युलस हवाच म्हणणारी मेडिकल कॉलेजं थोडी, आणि त्यांतली बरीच एपी मान्य करतात. वाचलेल्या जागेत स्टॅटिस्टिक्सचा, जमल्यास बायोस्टॅटिस्टिक्सचा कोर्स कॉलेजात करा. पुढे संशोधनाचे पेपर वाचताना तोच उपयोगी पडतो, आणि गणित म्हणून त्याची ग्रेड बीसीपीएममध्येही जाते. सायकॉलॉजीचं क्रेडिट घ्या. २०१५ पासून एमकॅटमध्ये सायकॉलॉजी-सोशिऑलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे, म्हणून त्या जागी सोशिऑलॉजी घ्या. इतिहास, इकॉनॉमिक्स, स्पॅनिश सगळं घ्या. इंग्रजीचं क्रेडिट घेतलंत तरी भरपूर लेखन करावं लागेल असा एक कोर्स कॉलेजात कराच, कारण इंग्रजीच्या बाबतीत काही मेडिकल कॉलेजं एपीला नाकं मुरडतात. आणि हो, मराठीची एपी नाही. दरवर्षी कोणीतरी आशेने विचारतं.

आता पैसे. मूळ प्रश्न तोच होता, तो टाळून चालणार नाही.

पदवीला साधारण १२० क्रेडिटं लागतात. तीस एपीतून आली की कागदावर एक वर्ष वाचतं आणि बाबांच्या डोळ्यांपुढे त्या वर्षाची फी नाचायला लागते. मला ते पटतं, पण आधी वेळापत्रक बघा. सरळ मेडिकलला जाणारी मुलं पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या शेवटी, मे-जूनच्या सुमाराला अर्ज करतात. तोवर तीन वर्षांच्या ग्रेडी, एमकॅट, दवाखान्यात केलेलं काम, संशोधन, आणि नीट ओळखणाऱ्या प्राध्यापकांची शिफारसपत्रं गोळा झालेली लागतात. तीन वर्षांत पदवी संपवायची आणि सरळ मेडिकलला जायचं म्हटलं तर हाच अर्ज दुसऱ्या वर्षाच्या शेवटी करावा लागतो. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीच्या पदरात तेव्हा असतं काय? तिकडे मेडिकलला लागणाऱ्यांचं सरासरी वय चोविशीच्या आसपास आहे. म्हणजे घाई करून पुढे जाणाऱ्याला कोणी बक्षीस देत नाही.

पण दुसरा हिशेबही आहे, आणि अलीकडे तो वजनदार झालाय. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज बंद, आणि मेडिकलसारख्या व्यावसायिक पदवीला सरकारी कर्जाची मर्यादा वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलर. खासगी मेडिकलचा चार वर्षांचा खर्च याच्या पलीकडे सहज जातो. पदवीत वाचलेला पैसा आता पूर्वीपेक्षा मोलाचा आहे, हे मान्यच करायला हवं. म्हणून ज्यांना खरोखर पैशाची ओढ आहे त्यांना मी असं सुचवते: एपीच्या जोरावर पदवी साडेतीन किंवा तीन वर्षांत संपवा, पण अर्ज घाईने करू नका. मधलं वर्ष क्लिनिकमध्ये किंवा लॅबमध्ये पगारी नोकरी करा आणि पूर्ण तयारीनिशी अर्ज करा. फी वाचली, अनुभव आला, अर्जही भरभक्कम झाला. शिष्यवृत्ती असेल तर मात्र आधी तिची अट वाचा. बऱ्याच शिष्यवृत्त्या पूर्णवेळ विद्यार्थ्यालाच मिळतात, म्हणजे सत्राला किमान १२ क्रेडिटं. विषय माफ झाले म्हणून शेवटच्या सत्रात नऊच घेतलीत तर शिष्यवृत्ती हातची जायची.

एपीचा एक छुपा फायदा सांगते. क्रेडिटं जास्त असली की काही कॉलेजांत मूल वरच्या वर्षाचं धरतात आणि विषय नोंदवायला त्याचा नंबर आधी लागतो. लॅबच्या सोयीच्या वेळा पटापट भरतात, तेव्हा हे फार उपयोगी पडतं. उलट काही सरकारी कॉलेजांत ठरावीक संख्येच्या वर क्रेडिटं गेली की जादा फी लावतात. त्या मोजणीत एपीची क्रेडिटं धरतात की नाही हे विचारून घ्यायचं.

विचारायचं कोणाला? दोघांना. एक रजिस्ट्रारचं ऑफिस, दुसरा प्रीमेडचा अ‍ॅडव्हायजर. रजिस्ट्रारला विचारायचं: एपीचे गुण पाठवले की क्रेडिट आपोआप चढतं, की आम्ही हो म्हटल्यावर? नको असेल तर कधीपर्यंत सोडता येतं? क्रेडिट घेऊन पुन्हा तोच कोर्स केला तर एपीचं क्रेडिट रद्द होतं का? (बहुतेक ठिकाणी होतं.) आणि ट्रान्सक्रिप्टवर नेमकं काय उमटतं? हे शेवटचं फार महत्त्वाचं. "एपी, ३० क्रेडिट" असं एकगठ्ठा लिहिलं असेल तर मेडिकलवाल्यांना त्यातून काही कळत नाही. विषयाचं नाव आणि त्याची क्रेडिटं वेगवेगळी दिसली पाहिजेत. तशी नसतील तर दुरुस्ती पहिल्याच वर्षी मागा, अर्जाच्या आदल्या आठवड्यात नव्हे. गुण पाठवण्याचंही एक बघा. दरवर्षी एका कॉलेजला ते फुकट पाठवता येतात, पण त्याची मुदत २० जूनला संपते, म्हणजे निकालाच्या आधीच. नंतर पाठवले तर पैसे पडतात. निकाल बघून, विचार करून मग पाठवायचे असतील तर ते पैसे खर्च करा. तिच्या कॉलेजात क्रेडिट आपोआप चढत असेल तर नक्कीच.

मेडिकल कॉलेजच्या संकेतस्थळावरचा नियम दोन अर्थांनी वाचता येतो असं वाटलं तर त्यांच्या प्रवेश विभागाला ईमेल करायची. चार ओळी पुरतात: माझं कॉलेज हे, एपी केमिस्ट्रीत इतके गुण, कॉलेजने या दोन कोर्सांचं क्रेडिट दिलंय, पुढे मी हे आणि हे कोर्स लॅबसकट करणार आहे, आपल्याकडे एवढ्यात अट पूर्ण होते का? ते उत्तर देतात. आलेलं उत्तर तारखेसकट जपून ठेवायचं आणि अर्जाच्या वर्षी नियम पुन्हा बघायचा.

ही ईमेल मुलीने लिहायची, बाबांनी नाही. आणि रजिस्ट्रारला बाबांनी फोन करूनही काही होणार नाही. तिकडे १९७४ चा फर्पा नावाचा कायदा आहे. मूल कॉलेजात गेलं की त्याच्या कागदपत्रांवरचा हक्क त्याचा स्वतःचा होतो, आणि त्याची लेखी परवानगी नसेल तर फोनवरची बाई गोड बोलेल, हवापाण्याची चौकशी करेल आणि माहिती मात्र देणार नाही. मी ती फोनवरची बाई होते, म्हणून सांगते.